चार सासवा, एक गौर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्ता सांगायला देऊळ, चौक किंवा पुढारी यांपैकी कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८ एवढं म्हटलं की रिक्षावाला मान हलवतो. बहुतेक वेळा ती नकारार्थीच हलते, पण पत्ता त्याला कळलेला असतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सुरू झालं, त्याचा छोटेखानी उद्घाटन समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढे कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, वऱ्हाडातून, पार गाझीपूरहूनही माणसं इथे कामाला आली. लेथवर संगमेश्वरचा, मिलिंगवर सांगलीचा, पॅकिंगला जळगावचा अशी शिफ्ट लागायची. दुपारी डबे उघडले की सगळ्यांची भाजी सगळ्यांच्या पोळीवर. डबा खाताना ‘आमच्यात हे चालत नाही’ असं कुणी म्हणत नसे, कारण तेवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत भाजी संपलेली असायची.

या अनुभवाच्या जोरावर घरातल्या गौरीच्या जेवणाचा बेत ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. कुठला जॉब कुठल्या मशीनवर, किती वाजता, कुणाच्या हाताखाली, हे ठरवण्यात माझा हात धरणारा आमच्या रोडवर कुणी नाही. पण त्या मशीनना माहेर नसतं.

आमचं घर श्रीनगरला. घरात पाच माणसं: मी, माझी आई, माझी दुसरी बायको, माझ्या पहिल्या लग्नातला मुलगा आणि हिच्या पहिल्या लग्नातली मुलगी. माझी पहिली बायको आजारपणात गेली, हिचे पहिले यजमान कोविडात गेले. पुढे आम्ही दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि साक्षीदार म्हणून माझ्या थोरल्या मुलीने आणि जावयाने सह्या केल्या. मुलगा हिला मावशी म्हणतो, हिची मुलगी मला काका म्हणते. इथपर्यंत सगळं सुरळीत आहे. प्रश्न सासवांचा आहे.

माणूस दुसरं लग्न करतो तेव्हा त्याला दुसरी सासू मिळते, हे जगजाहीर आहे. पहिली सासू आपोआप पदमुक्त होते अशी माझी समजूत होती, पण सासूपदाला निवृत्तीचं वय नाही आणि नात किंवा नातू असेल तर मुदतवाढ आपसूक मिळते. तेव्हा हिला दोन सासवा आणि मला दोन. हिची पहिली सासू भुसावळला असते आणि नातीसाठी दर सणाला येते. माझ्या पहिल्या सासूबाई इथल्याच, नौपाड्यातल्या, सीकेपी. दुसऱ्या सासूबाई अमरावतीच्या. गुडघ्यांमुळे त्या प्रवास करत नाहीत, पण व्हिडिओ कॉलला गुडघे लागत नाहीत. मिक्सरला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून त्या आमच्या ओट्यावर सकाळपासून हजर असतात. आणि चौथी म्हणजे माझी आई, संगमेश्वर तालुक्यातली. ती म्हणते, सासवा तीनच. तिच्या मते ती स्वतः घरची मालकीण, मोजणीत येत नाही.

मुलांनी या सगळ्यांची सोपी व्यवस्था लावली आहे. नौपाड्याची आजी, भुसावळची आजी, अमरावतीची आजी आणि नुसती आजी.

गौरीचं वेळापत्रक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर जाते. वार ती बघत नाही. २०२५ साली आवाहन आलं रविवारी, ३१ ऑगस्टला. पूजन, म्हणजे मुख्य जेवण, सोमवारी १ सप्टेंबरला आणि विसर्जन मंगळवारी. आता संगमेश्वराकडच्या आमच्या गौरीला पूजनाच्या दिवशी तिखटाचा नैवेद्य लागतो, म्हणजे मटण आणि वडे. अमरावतीच्या महालक्ष्म्यांना, म्हणजे तिकडच्या गौरींना, कांदा-लसणाचा वासही चालत नाही. आणि सोमवार म्हटला की मटणवाले सुद्धा मटण खात नाहीत. एवढा पेच नक्षत्रांनी घातला होता. बाकीचा आम्ही घातला.

बैठक आदल्या रविवारी झाली. पहिला प्रश्न होता, गौर कुठली? आईची तेरड्याची. तेरडा मुळासकट आणायचा, त्याला साडी नेसवायची, झाली गौर. हिच्या माहेरच्या दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवट्यांच्या, उभ्या, पदरवाल्या, समोर त्यांची बाळं. भुसावळच्या आजी म्हणाल्या, “आमची कानबाई श्रावणातच येऊन गेली. तुमचं चालू द्या, मी नुसती बसते.” नुसती बसणारी माणसं बैठकीत सगळ्यात जास्त बोलतात हा कारखान्यातला नियम घरातही खरा ठरला.

तोडगा निघाला तो असा: मुखवटे दोन, अमरावतीचे, अंगात तेरडा, कोकणचा. मग नैवेद्य कुणाच्या पद्धतीचा? इथे माझ्या मुलाने, जो एरवी जिमच्या वेळा सोडून कशातच लक्ष घालत नाही, सुचवलं की ज्येष्ठा अमरावतीची समजू आणि कनिष्ठा संगमेश्वरची. एकीला साधं पान, दुसरीला तिखटाचं. बायकोने मान डोलावली. मोबाइलमधून “बरोबर आहे” असा आवाज आला. आई मात्र उसळली.

“आमची धाकटी का म्हणून?”

यावर अर्धा तास गेला. बैठकीच्या वृत्तांतात तो मी ‘चहापान’ असा लिहिला.

तिखटाच्या नैवेद्याला गावाकडे एक जुनी सोय आहे, पडद्याची. गणपती शाकाहारी, गौर माहेरवाशीण. तिला हवं ते मिळालं पाहिजे आणि त्याला दिसता कामा नये. म्हणून नैवेद्य दाखवताना मायलेकरांच्या मध्ये पडदा धरतात. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. आईने काय खाल्लं हे मुलाने बघायचं नाही आणि मुलगा बघत नाही म्हणून आईने उपाशी राहायचं नाही. एका चादरीत मिटण्यासारखी अनेक भांडणं आपण उगाच पिढ्यान्‌पिढ्या चालवतो. आमच्याकडे अडचण एवढीच की आता पडदा मायलेकरांच्या मध्ये नव्हे, दोघी बहिणींच्या मध्ये धरावा लागणार होता.

सोमवारचं मटण मात्र पडद्याआडही शक्य नव्हतं. हे आईला कुणी सांगायचं यावर चिठ्ठ्या टाकायची वेळ आली असती, पण तिने स्वतःच निकाल दिला. “सोमवार हाय ना? मग काळ्या वाटाण्याचं सांबारं करू. वाटप मटणाचंच घालू. कांदा-खोबरं तेच, मसाला तोच. वासानं गौरीला काय कळायचं नाय.” देवाला फसवण्याचा हा मार्ग तिने इतक्या सहज सांगितला की यापूर्वीही तो वापरला गेला असावा. काळे वाटाणे आणि वडे ही जोडी कोकणात मटण-वड्यांच्या पाठोपाठच नाव घेण्याची आहे. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांनी शाकाहाराबद्दल मत बनवू नये.

आईचा प्रश्न सुटला असं वाटत असतानाच जावई आले.

जावई सांगलीकडचे, दिगंबर जैन, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. स्वभावाने इतके सौम्य की मीठ हवं असेल तर ते मिठाकडे नुसते बघतात. पण भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांचं दशलक्षण पर्व असतं आणि गौरी नेमक्या त्याच्या पोटात येतात. त्या दहा दिवसांत ते एरवीपेक्षा कडक पाळतात. कंदमुळं नाहीत, कांदा-लसूण तर कधीच नाही, बहुबीज म्हणून वांगं नाही, मोड आलेलं कडधान्य नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. शिवाय द्विदल. डाळीचा पदार्थ आणि कच्चं दही किंवा ताक एकत्र आलं की ते जेवत नाहीत. हे सगळं त्यांनी तिन्ही आज्यांना शांतपणे समजावून सांगितलं. आलंही कंद आहे, ते चालत नाही, सुंठ चालते. ओली हळद चालत नाही, हळदपूड चालते.

भुसावळच्या आजी विचारात पडल्या. “मग बटाटा वाळवून पूड करून घालू की.”

“आजी,” जावई म्हणाले, “बटाट्याची सुंठ होत नाही.”

या एका वाक्याने ते घरातल्या सर्वांत मोठ्या पंडिताच्या पदाला पोचले. नंतर कुठलाही पदार्थ निघाला की आज्या आधी त्यांच्याकडे बघायच्या. महालक्ष्म्यांची आंबील निघाली. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवायचं. सगळ्यांचे श्वास रोखलेले. ज्वारी डाळ नव्हे, द्विदल नव्हे, त्याच दिवशी ताजी केली तर चालेल, असा निकाल त्यांनी दिला. मिक्सरजवळून अमरावतीच्या आजी म्हणाल्या, “जवाई शहाणे आहेत जी. माह्या लेकीच्या लेकीले सांगा जरा.”

हे लेकीच्या लेकीचं प्रकरण असं. हिची मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला. गेल्या वर्षी तिने गोठ्यांबद्दलची एक चित्रफीत पाहिली आणि दूध, दही, तूप, ताक, मध एका दिवसात सोडलं. जावयाला जे चालतं त्यातलं निम्मं हिला चालत नाही, आणि हिला जे चालतं ते जमिनीखाली उगवतं. पंचामृतातले पाचपैकी चार जिन्नस तिच्या यादीतून बाद होतात. ती तीर्थाऐवजी चिमूटभर साखर घेते. तुपाशिवाय पुरणपोळी ही कल्पना अमरावतीपर्यंत पोचवायला कुणी तयार नव्हतं. तिकडे पोळीवर तूप घेत नाहीत, तुपात पोळी घेतात.

मी कारखान्यातल्यासारखा तक्ता केला. आडव्या ओळीत पदार्थ, उभ्या ओळीत माणसं, चालतं तिथे बरोबर, चालत नाही तिथे फुली. जावई, मुलगी, चार आज्या, प्रोटीन मोजणारा मुलगा, शुगर असलेला मी. तक्ता फ्रिजवर लावला. कटाची आमटी, आंबील, बिरडं, वडे, कढी, भजी, सगळीकडे कुठे ना कुठे फुली. वरपासून खालपर्यंत सगळ्या कसोट्यांना उतरलेली भाजी एकच निघाली: कारल्याची. ती कुणाच्या धर्माच्या, व्रताच्या, तत्त्वाच्या किंवा आजाराच्या आड येत नाही. फक्त ती कुणी खात नाही.

इथे मला एक गोष्ट कळली, आणि ती मी कुठल्याही पाकक्रियेच्या पुस्तकात वाचलेली नाही. भांडण चवीचं नव्हतंच. नौपाड्याच्या आजी बिरड्यासाठी हट्ट करत होत्या ते त्यांच्या लेकीला आवडायचं म्हणून. भुसावळच्या आजी ‘मी नुसती बसते’ म्हणत होत्या, पण गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं मातीचं खापर होतं. भुसावळ ते ठाणे ते त्यांनी मांडीवर धरून आणलं होतं. त्यांच्या मुलाला खापरावरचे मांडे आवडायचे. ज्यांच्यासाठी हे पदार्थ व्हायचे ती दोन माणसं आता जेवायला येणार नव्हती आणि त्यांची पानं मात्र कुणीच रद्द करायला तयार नव्हतं. कारखान्यात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण तो शब्द मी घरात वापरला नाही. तक्ता फ्रिजवरून काढला आणि बायकोला म्हटलं, “अगं, सगळंच करू.”

“अहो, गॅसला बर्नर दोन आहेत,” ती म्हणाली.

खरेदी जांभळी नाक्याला. गौरींच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याला शिरणं सोपं असतं, बाहेर पडणं गर्दीच्या मर्जीवर. तेरड्याच्या जुड्या, केळीची पानं, आघाडा, दूर्वा, आणि सोळा भाज्यांचा तयार वाटा. हा वाटा शहरातल्या माणसाची मोठी सोय आहे. प्रत्येक भाजीचा एकेक तुकडा, सगळं एका पिशवीत, मोजायची कटकट नाही. घरी आल्यावर तो ताटात ओतला तेव्हा सुरण, अरवी, रताळं, मुळा, गाजर आणि वांग्याची एक फोड असा जमिनीखालचा आणि बहुबीज माल जावयाच्या समोर पसरला. माझी मुलगी एकेक तुकडा वेचून बाजूला ठेवत गेली. राहिल्या दहा. सोळाला सहा कमी.

“सोळा म्हणजे सोळाच,” मिक्सर म्हणाला.

“सोळा कुठल्या ते पोथीत नाही,” बायको म्हणाली, आणि तिने भेंडी, गवार, पडवळ, दोडका, दुधी, तांबडा भोपळा, तोंडली, फरसबी, घेवडा असं म्हणत बोटांवर मोजायला सुरुवात केली. पंधराला येऊन अडली. तेव्हा सगळ्यांची नजर एकदमच कारल्याकडे गेली.

रविवारी रात्री वाल सोलायला बसलो. बिरड्याची ही खरी परीक्षा. कडवे वाल आदल्या दिवशी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. साल चिमटीत धरून दाबली की वाल पुढे उडतो. जोर जास्त झाला तर समोरच्याच्या मांडीवर, कमी झाला तर सालीतच राहतो. मोड तुटता कामा नये. नौपाड्याच्या आजींची बोटं बघण्यासारखी. त्या वाल सोलत नव्हत्या, वालच त्यांच्या हातात येऊन कपडे उतरवत होते. भुसावळच्या आजींनी आयुष्यात बिरडं केलेलं नाही. पण समोरची बाई भरभर सोलते आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला. मधल्या परातीत दोन ढीग पडू लागले आणि दोघी एकमेकींच्या ढिगाकडे न बघता बघू लागल्या. माझ्या मुलाने गप्प बसावं की नाही? तो म्हणाला, “शंभर ग्रॅम वालात प्रोटीन भरपूर असतं.” दोघींनी मिळून त्याच्यापुढे एक तिसरं भांडं ठेवलं.

“किती सोललेस रे?” मधेच नौपाड्याच्या आजींनी विचारलं.

“आजी, मी क्वालिटीवर लक्ष देतोय.”

त्याच्या भांड्यात मोड वेगळे आणि वाल वेगळे अशी विभागणी झाली होती. ते जावयासाठी चालेल का, असं त्याने विचारून बघितलं. मोड तोडला तर मोड आलेलं राहत नाही, हा त्याचा मुद्दा. जावई फक्त हसले.

सोमवारची सकाळ. एका शेगडीवर पुरण, दुसरीवर काळे वाटाणे, इंडक्शनवर दहा अधिक सहा भाज्या. अमरावतीकडे पूजा, नैवेद्य, आरती असं सगळं होऊन पानं वाढायला दिवेलागण होते. इकडे जावयाला दिवेलागणीच्या आत उठायचं. त्या दिवसांत ठाण्यात सूर्य सहा पन्नासच्या सुमारास मावळतो. मी उलटं गणित मांडलं. सहाला पानं वाढायची तर साडेपाचला आरती, पाचला नैवेद्य, साडेचारला मांडे, म्हणजे खापर चारला तापलं पाहिजे. कारखान्यात याला डिस्पॅच शेड्यूल म्हणतात. घरात याला “जरा शांत बसा हो” म्हणतात.

मांड्याचं वर्णन मला केलंच पाहिजे. खापर म्हणजे मातीचं खोलगट भांडं, चुलीवर पालथं घालायचं. भुसावळच्या आजींनी ते आमच्या गॅसवर पालथं घातलं आणि फॅन बंद करायला लावला. कणीक इतकी सैल की आमच्या आईने ‘ही पोळी की पेज?’ असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुरण भरलेला गोळा थोडा लाटून त्यांनी दोन्ही हातांवर घेतला आणि तो हातांवरून फिरवायला लागल्या, पालथ्या मुठींवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरांपर्यंत. प्रत्येक फेरीला मांडा मोठा आणि पातळ. आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहा. मांडा दोन हात झाला तेव्हा मी दाराबाहेर गेलो, तीन झाला तेव्हा बायको गेली. आतून त्यातलं पुरण दिसत होतं, गंमत म्हणजे पलीकडच्या आजीही दिसत होत्या. मग एका झटक्यात तो खापरावर पडला, कुठेही न फाटता. सगळं घर गप्प. नातीने सगळं चित्रित केलं आणि अमरावतीला दाखवलं. मोबाइलमधून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, “बाई, पुन्हा एकदा करा नं,” एवढंच.

एका सासूने दुसरीला दिलेली याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

तुपाचा प्रश्न आईने सोडवला, आणि तोही कुठल्या तत्त्वासाठी नव्हे. कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खातात. तिने सकाळीच दोन नारळ वाटून, गुळाचं वेलदोड्याचं दूध काढून ठेवलं होतं. तिला ते तसंच लागतं. हिच्या मुलीने विचारलं, “यात गाईचं दूध नाही ना, आजी?” गेली दीड वर्षं या पोरीला ‘तूप न खाणारी’ म्हणणाऱ्या माझ्या आईचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. तेव्हापासून तिचं म्हणणं असं की अर्धं कोकण पहिल्यापासून व्हिगन आहे. उरलेल्या अर्ध्या कोकणाबद्दल आणि बांगड्याबद्दल ती काही बोलत नाही.

नैवेद्याची वेळ. डावीकडे ज्येष्ठा, सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, पुरण. उजवीकडे कनिष्ठा, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. मधे पडदा धरायला मुलाला उभा केला. हात वर करून त्याने जुनी चादर ताणली. जिमचा घराला झालेला हा पहिला उपयोग. बाजूला गणपती. त्याला नेमकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे ऐनवेळी कुणालाच सुचेना, तेव्हा नौपाड्याच्या आजींनी त्याच्या पुढ्यात खाजाचा कानवला ठेवला आणि म्हणाल्या, “हा खाण्यात गुंतला की इकडेतिकडे बघायचा नाही.” साट्याचे पदर सुटलेला तो कानवला बघता गणपतीचं सोडा, गुरुजी असते तर त्यांचंही लक्ष गेलं असतं.

सहाला पानं पडली. सहा पाचला, पण पडली. जावई वेळेत जेवले, सहा अठ्ठेचाळीसला त्यांनी हात धुतले. मी घड्याळ बघत होतो.

कुणी काय खाल्लं याचा हिशेब द्यायचा तर तो फ्रिजवरच्या तक्त्याच्या अगदी उलट होता. सांबारं सगळ्यात आधी संपलं, आणि त्यातलं निम्मं बायकोने. महालक्ष्म्यांच्या माहेरची मुलगी पडद्यापलीकडचं जेवली. अमरावतीचा फोन तेवढ्यापुरता भिंतीकडे वळवून ठेवला होता. आईने आंबील दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा ‘जरा पांचट आहे’ म्हणून मागितली. बिरडं जावई सोडून सगळ्यांनी खाल्लं. मुलाने सोललेले वाल कुठले ते ओळखू येत होतं. सोळा भाज्या थोड्या उरल्या, त्यातली कारल्याची होती तेवढीच उरली.

मंगळवारी विसर्जन झालं. बुधवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढे रांग होती आणि तिच्यात मी उभा होतो. माझ्यापुढे आमच्याच रोडवरचे चार जण भेटले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

भुसावळच्या आजी गुरुवारी परत गेल्या, पण खापर नेलं नाही. “पुढच्या वर्षी परत कोण उचलून आणणार?” म्हणाल्या. आमच्या दोन खोल्यांत ते कुठेच मावत नाही. पलंगाखाली ठेवलं तर आई ‘पाय लागतो’ म्हणते, माळ्यावर ठेवलं तर बायको ‘पडेल’ म्हणते, बाल्कनीत ठेवलं तर पाऊस. तेव्हा श्रीनगर, किसननगर, सावरकरनगर या बाजूला कुणाकडे थोडी जागा असेल आणि मांडे करायची हौस असेल तर घेऊन जावं. भाडं नको. फक्त एक अट आहे: अनुराधा नक्षत्राच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर परत हवं, आणि मधल्या काळात त्यावर कारल्याची भाजी करू नये.